चार फूट खालची खूण

कुंबुकवॅव
१४ सप्टेंबर २००३

इनोका पोरी,

तू पेरादेणियाला डॉक्टरकी शिकायला गेलीस त्याला दीड वर्ष झालं आणि या मामाला तुझी एकूण तीन पत्रं आली. त्यातलं एक तर नव्या वर्षाचं छापील कार्ड, त्यावर नुसती सही. डॉक्टर झाल्यावर अक्षर बिघडतं असं ऐकून होतो, शिकतानाच ते संपतं हे ठाऊक नव्हतं.

इकडे तलाव पार आटलाय. बांधातून पाटाला पाणी सोडायच्या मोरीपाशी गुडघाभर चिखल आणि त्यात बगळे. पाणी नाही तोवर बांधाच्या पोटातली चौकोनी विहीर उपसून घ्यावी म्हणून सगळं गाव कामाला लावलंय. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा बांध दुरुस्त करायचा आणि विहिरीचा गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, हे आपलं जुनं. पाटकऱ्याचं, म्हणजे माझं विदानेचं, पद सरकारने कधीच मोडीत काढलं, तरी अजून 'विदाने आले का?' असं विचारल्याशिवाय मोरीच्या दाराला कोणी बोट लावत नाही. सदुसष्टाव्या वर्षी एवढा मान पुरे झाला.

आता कामाचं. मागच्या महिन्यात शाळेत सरकारी माणसं आली होती, लघवी तपासायला. सगळ्या गावाने बाटल्या भरून दिल्या. आठ दिवसांनी आपल्या पुंचिरालला चिठ्ठी आली की मोठ्या दवाखान्यात रक्त तपासा. तपासलं. क्रिएटिनिन की काय ते एक पूर्णांक सहा निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, मूत्रपिंडाचं काम कमी पडतंय. बिचाऱ्या पुंचिरालची पाचावर धारण बसलीय. वरच्या आळीतले दोघं आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायला जातात हे तुला माहीतच आहे. तिसरा गेला तो गेलाच.

तर हे मूत्रपिंड नेमकं करतं काय, आणि हा आकडा वाढत गेला तर काय, हे सरळ शब्दांत लिहून पाठव. पुंचिराल लाजाळू आहे, स्वतः विचारणार नाही. म्हणून मी विचारतोय.

मामी बरी आहे. म्हशी बऱ्या आहेत. मीही ठणठणीत आहे.

त्रिरत्नांची छाया तुझ्यावर असो.

तुझा मामा,
उक्कुबंडा

-----

पेरादेणिया
२५ सप्टेंबर २००३

प्रिय मामा,

तीन नाही, चार पत्रं. चौथं मामीच्या नावाने होतं, ते तुम्ही वाचलंत हेही मला ठाऊक आहे.

पुंचिरालमामांना सांगा, घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करायचंही नाही. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. एकेका मूत्रपिंडात दहा-दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि त्यांतून दिवसाकाठी एकशे ऐंशी लिटर पाणी गाळलं जातं. दचकू नका, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात, बाहेर जातं ते फक्त लिटर-दीड लिटर. क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा. गाळण कमी झालं की तो साचतो आणि आकडा चढतो. पुंचिरालमामांच्या वयाला एक पूर्णांक सहा म्हणजे निम्मं-शिम्मं काम अजून चालू आहे. ते टिकवलं तर मशीनचं तोंड बघावं लागणार नाही. नाही टिकवलं तर लागेल, हेही खरंच. पाणी उकळून प्यायचं, मीठ कमी, सुका मासा बंद, आणि डॉक्टर देतील ती गोळी न चुकता.

आता माझं एक सांगते, हसू नका. हा मूत्रपिंडाचा धडाच माझ्या डोक्यात शिरत नाहीये. बाकी सगळं येतं. पण माणूस पळतो तेव्हा रक्ताचा दाब वाढतो, झोपतो तेव्हा उतरतो, आणि गाळण मात्र तेवढंच राहतं. ना वाढतं ना घटतं. कसं? पुस्तकात चार पानं आहेत. घोकते, पुस्तक मिटते, की सगळं पुसलं जातं. आमच्या बाई म्हणतात, समजलं असतं तर घोकावं लागलं नसतं. ते मलाही कळतं, पण समजायचं कसं ते त्या सांगत नाहीत.

असो. अभ्यास बरा चाललाय. पुंचिरालमामांच्या घरी हीनमेनिकेमामींना मी वेगळं पत्र टाकतेय, कारण त्यांच्या नवऱ्याचा सुका मासा तुमच्याने बंद होणार नाही. तुम्ही दोघं एकाच ताटातले.

तुमची,
इनोका

-----

कुंबुकवॅव
५ ऑक्टोबर २००३

इनोका पोरी,

पहिली गोष्ट: हीनमेनिकेला काहीही लिहू नकोस. बाईमाणसाला उगाच घोर कशाला? पुंचिरालचं मी बघतो.

दुसरी गोष्ट: तुझ्या चार पानांचं कोडं मी परवा चिखलात उभा राहून सोडवलं.

तलाव काठोकाठ भरलेला असतो तेव्हा तळाशी पाण्याचा रेटा किती असेल, विचार कर. मोरी थेट पाटाला जोडली तर ते पाणी पाट फोडून भाताची रोपं समुद्रापर्यंत वाहून नेईल. आणि तलाव अर्धा झाला की त्याच मोरीतून चूळ भरायलाही पाणी यायचं नाही. म्हणून आपल्या जुन्या लोकांनी बांधाच्या पोटात चौकोनी विहीर बांधली. लहानपणी तू तिच्यात चप्पल टाकली होतीस, ती यंदा सापडली. तलावाचं पाणी आधी त्या विहिरीत येतं, दगडांवर आपटून त्याचा माज उतरतो, आणि मग ते पाटात जातं. विहिरीच्या तोंडाला लाकडी दार. तलाव चढला की दार थोडं खाली, उतरला की थोडं वर. मी काय तलावाला धरून बसतो? तलाव त्याच्या मर्जीने चढतो-उतरतो. पाटात मात्र पाणी तेवढंच जातं. तुझ्या मूत्रपिंडातही असं दार असणार. नसलं तर बांधणाऱ्याला काही कळत नव्हतं.

आता दार किती वर-खाली करायचं हे मला कसं कळतं? पाटाच्या शेपटाला पुंचिराल उभा असतो. पाणी जास्त आलं की तो 'हू' करतो, मी दार खाली करतो. एवढीच यंत्रणा. पण शेपूट मैलभर लांब, वारा उलटा असला की मला ऐकू येत नाही आणि मग आम्ही दोघं दिवसभर एकमेकांची अक्कल काढतो. तुझ्या मूत्रपिंडात 'हू' करणारा कोणी आहे का? आणि असला तर दारापर्यंत आवाज पोचतो कसा, हे जरा बघून कळव.

दाराचा विषय निघालाच आहे तर तुझ्या आजोबांची, म्हणजे आमच्या अप्पच्चींची, गोष्ट सांगतो, तुझ्या आईने कधी सांगितली नसेल. सत्तावन सालच्या नोव्हेंबरात तलाव तुडुंब होता आणि अप्पच्चींना बांधाच्या मधोमध केसाएवढी चीर दिसली. त्यांनी दार सताड उघडलं, सांडव्याचे वरचे दगड काढले आणि तलाव चार फूट खाली आणला. सांडव्याच्या खांबावर छिन्नीने खूण केली, याच्या वर पाणी चढू द्यायचं नाही. गावात बोंबाबोंब. भरलेला तलाव ओतून टाकतो हा माणूस, पुढच्या हंगामाला निम्मं शिवार पडीक राहणार. काही पोरं तर भर सभेत तोंडावर 'घाबरट' म्हणाली. डिसेंबरात तो मोठा पूर आला. पलीकडच्या गावचा तलाव काठोकाठ होता, तो फुटला. आपला राहिला. खूण अजून आहे खांबावर, बोटाने चाचपता येते.

पुंचिरालला परवापासून गोळी सुरू केलीय डॉक्टरबाईंनी. रक्तदाबाची आहे म्हणे. घेतो बिचारा.

तुझा मामा

-----

पेरादेणिया
१६ ऑक्टोबर २००३

मामा, मामा, मामा,

तुमचं पत्र मी वाचनालयात उघडलं आणि मोठ्याने हसले. ग्रंथपालांनी बाहेर काढलं. मग पायरीवर बसून ती चार पानं पुन्हा वाचली. पहिल्यांदा ती पानं मला तलाव दाखवत होती.

दार आहे. एक नाही, दोन. गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी हे आतलं दार, आणि गाळून झाल्यावर रक्त बाहेर नेणारी नळी हे बाहेरचं. रक्ताचा दाब वाढला की आतल्या दाराची भिंत ताणली जाते आणि ती आपसूक आवळते. दाब उतरला की सैल पडते. कोणी सांगावं लागत नाही. विदाने झोपले तरी चालतं.

आणि 'हू' करणारा आहे. त्याला पाणी दिसत नाही, तो मीठ चाखतो. गाळलेलं पाणी लांबलचक नळीतून जातं, वाटेत त्यातलं मीठ परत ओढून घेतात. पाणी फार जोरात आलं तर मीठ ओढायला सवड मिळत नाही, शेपटाला ते जास्त खारट पोचतं. राखणदाराला खारट लागलं की तो 'हू' करतो आणि आतलं दार आवळलं जातं.

आता बसून वाचा. तुम्ही विचारलंत, दारापर्यंत आवाज पोचतो कसा? मामा, ती नळी खाली जाते, वळसा घालते, पुन्हा वर येते आणि आपल्याच गाळणीच्या दोन दारांच्या मधोमध येऊन टेकते. पाटाचं शेपूट मैलभर हिंडून परत मोरीला चिकटलंय. ओरडावंच लागत नाही, कानात कुजबुजलं की झालं. अशा वीस लाख मोऱ्या आहेत तुमच्या पोटात, आणि प्रत्येकीला आपापला पुंचिरालमामा.

मी पहिल्या पत्रात एक लपवलं होतं. 'अभ्यास बरा चाललाय' हे खोटं होतं. ऑगस्टमध्ये याच धड्याच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले. परीक्षकांनी दाब वाढला तर काय होईल एवढंच विचारलं आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. जानेवारीत पुन्हा आहे. त्यात गेले तर वर्ष जाईल. आईला सांगू नका. तुम्हाला सांगते, कारण आता मला भीती वाटत नाहीये.

हीनमेनिकेमामींचं पत्र मात्र मागेच टाकून झालं. 'लिहू नकोस' हे तुमचं उशिरा पोचलं. चांगलंच खरमरीत लिहिलंय. पुंचिरालमामांना सांभाळून घ्या.

तुमची,
इनोका

-----

कुंबुकवॅव
९ नोव्हेंबर २००३

इनोका,

तुझ्या त्या खरमरीत पत्राने गावात काय झालं ते ऐक.

हीनमेनिकेने ते दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघरातला सुका मासा उचलून शेजारी देऊन टाकला. पुंचिराल शेतातून आला तर ताटात नुसती नाचणीची उकड आणि दुधी. का म्हणून विचारलं तर बायको रडायला लागली. तो म्हणतो, अगं मला काही झालेलं नाही. ती म्हणते, लपवू नका, पोरीने सगळं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी ती त्याला बसमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेली. रक्त काढलं. आकडा आला शून्य पूर्णांक नऊ. डॉक्टरबाई म्हणाल्या, यांचं मूत्रपिंड पंचविशीतल्या पोरासारखं आहे, तुम्हाला कोणी पाठवलं? मग त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, कुंबुकवॅवचा एक पूर्णांक सहावाला तर उक्कुबंडा.

पुंचिराल बसमधून उतरला तो घरी गेला नाही, थेट माझ्या अंगणात आला. काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मामी दारात उभी होती. तिने ऐकलं आणि आत गेली, मला चहासुद्धा न देता. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तर झालं. चिठ्ठी मला आली होती. आता साऱ्या गावाला कळलंय, तुलाही कळू दे. तू परीक्षेचं लपवलंस, मी मूत्रपिंडाचं. फिट्टंफाट.

आणि गोळीचं म्हणशील तर ती मी बंद केली. महिनाभर इमानेइतबारे घेतली आणि परवा पुन्हा रक्त तपासलं तर एक पूर्णांक नऊ. सहाचे नऊ झाले गोळी घेऊन. डॉक्टरबाई गोळी देताना काहीतरी सांगत होत्या खऱ्या, पण तेव्हा मी त्यांना त्यांच्या दवाखान्याची पन्हाळ कुठे तुंबलीय ते समजावत होतो. परवा त्या रजेवर होत्या, चिठ्ठी खिडकीतून मिळाली. मोरीच्या दाराला हात लावला आणि पाणी कमी झालं तर हात काढून घ्यायचा, ही माझ्या धंद्यातली पहिली शिकवण. मी हात काढून घेतला. आता मला यावर कोणाचं काही ऐकायचं नाही. आहे ते आहे.

पाऊस लागलाय. तलावात तीन फूट पाणी आलं.

उक्कुबंडा

-----

पेरादेणिया
१४ नोव्हेंबर २००३

मामा,

मला तुमचा इतका राग आलाय की पहिला कागद फाडून टाकला. सप्टेंबरात मला 'ठणठणीत आहे' असं लिहिलंत. ठणठणीत.

कोणाचं काही ऐकायचं नाही म्हणालात ना? मग माझं ऐकू नका, स्वतःचंच ऐका. पुढचं मी आमच्या बाईंना विचारून लिहितेय, माझ्या मनाचं काही नाही.

तुमच्या निम्म्या गाळण्या बंद पडल्यात. उरलेल्यांवर दुप्पट काम आलंय, म्हणून त्यांची आतली दारं सताड उघडलीत आणि बाहेरची आवळलीत, रेटा वाढावा म्हणून. आज त्यामुळे गाळण भरपूर होतं आणि आकडा बरा दिसतो. पण त्या रेट्याने त्या गाळण्या एकेक करून फाटत जातात. काठोकाठ भरलेला तलाव आणि बांधाला चीर.

तुमची गोळी बाहेरचं दार उघडते. रेटा उतरतो. रेटा उतरला की गाळण थोडं कमी होणारच, कचरा थोडा साचणारच, सहाचे नऊ होणारच. डॉक्टरांना ते माहीत असतं, त्या त्याचीच वाट बघत असतात. थोडा चढतो आणि तिथे थांबतो. फार चढला, थांबला नाही, तर त्या गोळी बदलतील, म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. ते त्यांनी बघायचं. तुम्ही ठरवायचं नाही.

तुमच्या धंद्यातली पहिली शिकवण तुम्ही लिहिलीत. दुसरी तुम्हीच मला ऑक्टोबरात लिहून पाठवली होती. चीर दिसली की तलाव चार फूट खाली आणायचा, शिवार पडीक राहिलं तरी चालेल. आजोबांनी केलं ते तुमची गोळी करतेय. आणि मामा, तुम्ही त्या सभेतल्या पोरांसारखे वागताय. पाणी कमी झालं एवढंच दिसलं आणि लागले ओरडायला.

मला तुम्ही मशीनवर नको आहात. मला तुम्ही मोरीवर पाहिजे आहात. मी डॉक्टर होऊन त्या रस्त्याने घरी येईन तेव्हा बांधावर उभं राहून मला टोमणा मारायला कोण आहे दुसरं?

इनोका

-----

पोस्टकार्ड
कुंबुकवॅव, २६ नोव्हेंबर २००३

इनोका बाळा,

तू तुझ्या मामाला काय लिहिलंस ते त्यांनी मला दाखवलं नाही. पत्र वाचून छत्री न घेता सांडव्याकडे गेले. पुंचिरालभाऊजींनी दुरून पाहिलं, खांबाशी बसले होते, तासभर. परत आले ते चिंब, आणि फडताळातून गोळीची पुडी काढली. मी फेकून दिली नव्हती. पंचेचाळीस वर्षं संसार केलाय. दुसऱ्या दिवशी मी आणि पुंचिरालभाऊजी दोघं त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. भाऊजी म्हणाले, माझ्या नावावर आजारी पडलास, आता बरा पण माझ्या देखतच व्हायचं. डॉक्टरबाईंनी पुन्हा सगळं समजावलं. या वेळी पन्हाळीचा विषय निघाला नाही.

चहा सुरू केलाय. त्याबरोबरचा गुळाचा खडा अजून दिलेला नाही.

तुझी मामी

-----

पेरादेणिया
२१ जानेवारी २००४

प्रिय मामा, मामी, आणि हे पत्र मोठ्याने वाचलं जाणार हे ठाऊक असल्यामुळे प्रिय पुंचिरालमामा आणि हीनमेनिकेमामी,

पास झाले.

तेच परीक्षक, तेच घड्याळ. पहिला प्रश्न तोच: दाब शंभरावरून एकशे चाळीसवर गेला, गाळणीचं काय होईल? मी म्हटलं, जवळजवळ काहीच नाही. का? मी खडू घेतला आणि तलाव काढला. बांध काढला, विहीर काढली, दार काढलं. मग पाट खाली नेला, वळवला आणि परत मोरीला आणून टेकवला, आणि तिथे एक माणूस उभा केला. ते म्हणाले, हा कोण? माझ्या तोंडून निघून गेलं, पुंचिराल. शेजारच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला.

मला वाटलं, गेलं वर्ष. पण परीक्षक उठून फळ्यापाशी आले. म्हणाले, बांधाला चीर गेली तर? मी म्हटलं, सर, मग तलाव चार फूट खाली आणायचा. पाटातलं पाणी कमी होईल, लोक ओरडतील, ओरडू द्यायचं. हे कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्या मामांनी, आणि त्यांना माझ्या आजोबांनी. म्हणाले, त्यांना कळव की तू उत्तीर्ण आहेस, आणि चित्र पुसू नकोस, मला वहीत उतरवून घ्यायचंय.

आईला नापास झाल्याचं आणि पास झाल्याचं एकाच दिवशी सांगितलं. हिशेबाने निम्मीच बोलणी खाल्ली.

आता आकडे कळवा. डिसेंबरचा आणि जानेवारीचा. लपवलेत तर मी हीनमेनिकेमामींना लिहीन.

तुमची,
इनोका

-----

कुंबुकवॅव
२८ मार्च २००४

इनोका पोरी,

घे आकडे. डिसेंबर, एक पूर्णांक नऊ. जानेवारी, एक पूर्णांक नऊ. फेब्रुवारीत एक पूर्णांक आठ, डॉक्टरबाई म्हणाल्या यावर उड्या मारू नका. मारल्या नाहीत, फक्त पुंचिरालला चार वेळा सांगितलं. मार्च, पुन्हा एक पूर्णांक नऊ. चढला तेवढा चढला आणि थांबला. त्या म्हणाल्या, असाच राहिला तर मशीनचं नाव काढायचं कारण नाही. आता मी निघताना त्या मलाच विचारतात की पन्हाळीचं काय करावं.

तुझं जानेवारीचं पत्र इथे नऊ वेळा वाचून झालं. पुंचिराल आता स्वतःला मूत्रपिंडातला अधिकारी समजतो. पेरादेणियाच्या फळ्यावर आपला फोटो लागलाय असं त्याने पलीकडच्या गावात सांगितलंय. मी दुरुस्त केलं नाही, त्याच्या नावावर आजारी पडल्याचं तेवढं देणं माझ्याकडे बाकी आहे.

काल हंगामाची सभा झाली. नेहमीप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, विदाने, पाणी किती? मी उठलो, घसा साफ केला, आणि तोंडातून निघालं एक पूर्णांक नऊ. सगळी सभा हसून लोळली. सगळ्यांना आकडा पाठ आहे ना. मागून पुंचिराल ओरडला, थांबलंय ना? मी म्हटलं, थांबलंय. मग सांगितलं, तलावात अकरा फूट आहे, सगळ्या शिवाराला पुरेल.

आता एक राहिलंय. तू मला सभेतल्या पोरांसारखा म्हणालीस. तुला कुठून कळलं, असं वाटून मी पत्र हातात धरून थिजलो. मग लक्षात आलं, तुला काहीच माहीत नाही. सत्तावन साली भर सभेत अप्पच्चींना 'घाबरट' म्हणणारी पोरं नव्हती. एकच पोर होतं. मी. एकवीस वर्षांचा होतो, लग्न ठरत होतं, शेत पडीक राहणार म्हणून डोकं फिरलं होतं. पूर येऊन गेला, आपला तलाव राहिला, मला सगळं कळलं, पण मी अप्पच्चींना काही बोललो नाही. तेही मला काही बोलले नाहीत. पुढे वीस वर्षं आम्ही एकाच मोरीवर शेजारी उभं राहून पाणी सोडलं. ते गेले तोवर तो विषय निघाला नाही.

त्या दिवशी पावसात मी खुणेपाशी जाऊन बसलो. वाटलं, आता सांगावं. जीभ वळली नाही. गोळी घेतली, तेवढंच जमलं.

परवा जमलं. मार्चचा आकडा घेऊन बसमधून उतरलो आणि घरी न जाता सांडव्यावर गेलो. पाणी खुणेच्या जरा खाली होतं, खांब उन्हात कोरडा होता. खुणेवर हात ठेवून मोठ्याने म्हटलं, अप्पच्ची, तुमचं बरोबर होतं. सेहेचाळीस वर्षं लागली मला. आजूबाजूला फक्त म्हशी होत्या. इतकं हलकं वाटलं की घरी येईपर्यंत मी गुणगुणत होतो, आणि मामीने काही न विचारता चहाबरोबर गुळाचा खडा दिला.

नव्या वर्षाला ये. तेरा एप्रिलला दूधभात, आणि सोळाला मुहूर्तावर मोरी उघडायचीय. बांधावर चूल मांडून मामी शकुनाचं दूध उतू जाऊ देईल. मग दार उचलायचं. आजवर ते अप्पच्चींनी उचललं आणि नंतर मी. यंदा तू उचल. किती वर घ्यायचं ते मी सांगणार नाही, तुला येतं. पुंचिराल शेपटाला उभा राहील आणि 'हू' करेल, पण वारा उलटा असला तर तुला ऐकू येणार नाही, तेव्हा मी पाटाच्या मध्यावर उभा राहून त्याचं ओरडणं तुझ्यापर्यंत पोचवेन. डॉक्टरबाईंना विचारून घेतलंय, ओरडायला मला मनाई नाही.

त्रिरत्नांची छाया तुझ्यावर असो.

तुझा मामा,
उक्कुबंडा

ता. क. तुझी चप्पल धुऊन ठेवलीय. एकच आहे. दुसरी तुझ्याकडे असेल तर घेऊन ये.